करवतवाल्यांचा दगड

अ‍ॅब्सलम डॉर्सीने जन्मभर खड्डे खणले. विहिरी खणल्या, चुन्याच्या भट्ट्या खणल्या, आमच्या चर्चमागच्या दफनभूमीतल्या निम्म्या कबरी खणल्या, आणि साठी उलटल्यावर लढाईच्या स्मारकांचे पाये खणायला लागला. त्यात त्याला कसला कमीपणा वाटत नसे. "वर काय उभं करायचं ते तुमचं तुम्ही बघा," तो म्हणायचा, "खाली काय आहे ते मात्र मला विचारा." विचारायचं मात्र कुणी नाही. फावडेवाल्याला कोण काय विचारतो?

यादवी युद्धातली ती मोठी लढाई आमच्या गावाभोवती झाली त्याला पंचवीस वर्षं होत आली होती, आणि पेनसिल्व्हेनियातल्या या आमच्या शेतांत गव्हापेक्षा ग्रॅनाइट जास्त उगवायला लागला होता. इथे लढलेल्या प्रत्येक पलटणीला आपला दगड हवा होता, आणि तोही शेजारच्या पलटणीपेक्षा हातभर उंच. म्हातारे सैनिक आगगाडीने यायचे, कोटावर बिल्ले आणि फिती, हॉटेलच्या ओसरीवर दोन दिवस भांडायचे, "आपण इथे होतो" आणि "छे, तिथे होतो," मग शेतात जाऊन एक खुंटी ठोकायचे आणि जेवून परत जायचे. नियम एकच होता. पलटण जिथे रांग धरून लढली तिथेच तिचा दगड. पण ती जागा कुठली हे ठरवणार कोण, तर ज्याच्या हातात खुंटी तो.

खुंटी ठोकली की कंत्राटदार ग्रॉस आपली माणसं पाठवायचा. आमच्याकडची थंडी जमिनीत तीन फूट उतरते आणि माती गोठून फुगते. पाया चार फुटांपेक्षा कमी घेतला तर दोन हिवाळ्यांत दगड दारू प्यायल्यासारखा कलतो. अ‍ॅब्सलमचा पाया कधी कलला नाही, म्हणून ग्रॉस त्याला धरून होता.

त्या वर्षी मे महिन्यात करवतवाल्यांची खुंटी पडली. करवतवाले हे त्या पलटणीचं टोपणनाव. उत्तरेकडच्या जंगलातली सगळी माणसं, लाकूडतोडे नाहीतर करवतीच्या कारखान्यातले मजूर. त्यांच्या समितीचा प्रमुख होता कॅप्टन थर्लो व्हिटकम. आता तो स्वतःच दोन कारखान्यांचा मालक होता आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायचा. त्याने खुंटी ठोकली ती हमरस्त्याच्या वळणावर, जिथे पाहुण्यांच्या घोडागाड्या हमखास थांबतात. बायका खाली न उतरता वाचू शकतील, असं तो म्हणाला म्हणे.

सोमवारी सकाळी अ‍ॅब्सलम फावडं घेऊन तिथे गेला, खुंटी पाहिली आणि खांद्यावरचं फावडं त्याने खाली ठेवलंच नाही. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मग रस्ता सोडून उताराने खाली चालू लागला, दोनशे पावलं तरी असतील, खालच्या ओलसर सखल गवतापर्यंत. तिथे एक खडक जमिनीतून गुडघाभर वर आलाय. त्या खडकाच्या अलीकडे त्याने चार कोपऱ्यांना चार काटक्या रोवल्या आणि खणायला सुरुवात केली. दोन दिवसांत आठ फूट लांब, आठ फूट रुंद, चार फूट खोल असा सुबक खड्डा तयार झाला. सुरीने लोणी कापावं तशा त्याच्या भिंती सरळ होत्या. फक्त तो खड्डा चुकीच्या जागी होता. म्हणजे ग्रॉसच्या मते चुकीच्या.

"डॉर्सी," बुधवारी ग्रॉस काठावर उभा राहून म्हणाला, "तू आंधळा झालास की वेडा?"

"दोन्ही नाही, मिस्टर ग्रॉस. खुंटी आंधळी आहे. करवतवाले इथे लढले."

"तुला खणायला ठेवलंय मी. इतिहास शिकवायला नाही ठेवलं."

"खणलंय की. माप लावून बघा."

ग्रॉसने माप लावलं नाही. त्याने टोपी काढली, टक्कल पुसलं, पुन्हा घातली. "हा बुजव. शनिवारपर्यंत वरती खड्डा दिसला नाही तर मी दुसरा माणूस लावतो, आणि मग पुढच्या कुठल्याही दगडाला तुला बोलावणार नाही. कळलं?"

"कळलं," अ‍ॅब्सलम म्हणाला. "पण बुजवायला तुम्हाला दुसराच माणूस लागेल."

घरी त्याच्या बायकोने, लव्हिनियाने, त्याच्यापुढे मक्याचा पाव आणि खारवलेलं मांस ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या कानावर सगळं आलंच होतं. आमच्या गल्लीत बातमी माणसाच्या आधी घरी पोचते.

"म्हाताऱ्या, कुणाच्या दगडासाठी स्वतःच्याच पोटावर पाय देतोयस? त्या गोऱ्यांना चालतंय ना रस्त्यावर? मग तुझं काय जातं?"

"दगड एकदा बसला की बसला, लव्ही. शंभर वर्षांनी लोक येतील आणि म्हणतील, इथेच मेले. आणि खाली त्या गवतात गाई चरतील."

"चरू देत."

"मी काढलेत त्यांना तिथून. या हातांनी."

ते दिवस लव्हिनियालाही ठाऊक होते. लढाईच्या आधी दक्षिणेची फौज आली तेव्हा ती आमच्यासारख्या काळ्या माणसांना पकडून, दोरीला बांधून गुलामीत हाकून नेत होती. जन्मतः स्वतंत्र असलेल्यांनाही सोडत नव्हती. अ‍ॅब्सलम आणि लव्हिनिया अंगावरच्या कपड्यांनिशी नदीपार पळाले. परत आले तेव्हा घराला दार नव्हतं, परसात मेलेला घोडा होता आणि गावाभोवतीच्या प्रत्येक शेतात माणसं वीतभर मातीखाली पडली होती. त्याच उन्हाळ्यात अ‍ॅब्सलमचा धाकटा भाऊ रूबेन, काळ्या पलटणीत भरती झालेला, दूर दक्षिणेत समुद्रकाठी एका किल्ल्यावर चालून जाताना मेला. कुठे पुरला, कोणी पुरला, काही कळलं नाही. कळवणार तरी कोण?

मग हिवाळा आला आणि सरकारी दफनभूमी तयार झाली. शेतातली प्रेतं उकरून तिथे न्यायची होती. हे काम कोण करणार? आम्हीच. नाकाला कापूर लावलेलं फडकं बांधून अ‍ॅब्सलमने चार महिने ते केलं. एक तपासनीस सोबत असायचा. तो लोखंडी आकड्याने खिसे चाचपायचा, पत्र नाहीतर टोपीवरचा पलटणीचा क्रमांक सापडला तर नाव नाहीतर पलटण लिहायचा, काहीच नाही सापडलं तर "अनोळखी" लिहून पुढे. त्या माणसाला घाई होती आणि थंडी वाजत होती, एवढंच मी त्याच्या बाजूने बोलेन. अ‍ॅब्सलमला मात्र प्रत्येक वेळी वाटायचं, समुद्रकाठी आत्ता कुणीतरी असाच फावडं घेऊन माझ्या रूबेनपाशी उभा असेल. तो नीट बघत असेल का? म्हणून तो स्वतः नीट बघायचा. दुसरं काही त्याच्या हातात नव्हतं.

ग्रॉसने तार केली असावी, कारण शुक्रवारी सकाळच्या गाडीने कॅप्टन व्हिटकम आला. सोबत पलटणीतले तीन म्हातारे होते. त्यांच्यातला एल्नाथन पाइक नावाचा वाळका, वाकलेला म्हातारा तंबाखू चघळत सगळ्यांच्या मागून चालत होता. अ‍ॅब्सलम खड्ड्याच्या काठावर, आपल्याच मातीच्या ढिगाऱ्यावर बसला होता. तो उठून टोपी हातात घेऊन उभा राहिला; मी ग्रॉसच्या इतर माणसांबरोबर जरा मागे उभा होतो.

"हा तो," ग्रॉस म्हणाला.

कॅप्टनने खड्डा पाहिला, मग अ‍ॅब्सलमच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. "तू लढाईत होतास का रे?"

"नाही साहेब. नदीपार होतो. बायकोला घेऊन पळालो होतो."

"पळाला होतास. आणि आम्ही कुठे होतो ते तू आम्हाला सांगणार?"

"लढाईत नव्हतो, साहेब. नंतर होतो."

"आमच्या पलटणीचे तिघेजण नावानिशी सापडले, ते रस्त्याच्या वळणावर. सरकारी वहीत तसं लिहिलंय. अजून काय पुरावा हवा?"

"ते तिघे जखमी होऊन रस्त्यापर्यंत आणलेले, साहेब. त्यांच्या पायांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. लढताना मेलेल्या माणसाला पट्टी कोण बांधतं?" अ‍ॅब्सलम शांतपणे बोलत होता, पण हातातली टोपी त्याने पार चुरगळून टाकली होती. "इथून मी एकोणीस काढले. एका ओळीत, पालथे, डोकी त्या खडकाकडे. खिशांत काही नाही, टोप्या गेलेल्या. तपासनिसाने एकोणीस वेळा अनोळखी लिहिलं. मी त्याला म्हटलं, साहेब, यांचे हात बघा. कुणाचं करंगळीचं पेर नाही, कुणाची दोन बोटं नाहीत, एकाला अंगठाच नाही. तो म्हणाला, गोळ्या लागल्या असतील. मी म्हटलं, गोळीची जखम ताजी असते, ही बोटं कैक वर्षांपूर्वी गेलेली आहेत, वर कातडी गुळगुळीत झालीय. तो म्हणाला, तू खण."

त्या तिघा म्हाताऱ्यांनी नकळत आपापले हात पाहिले. पाइकच्या उजव्या हाताला तीन बोटं होती. त्याच्या शेजारच्याला चार. करवतीवर आयुष्य काढलेल्यांत दहा बोटांचा माणूस विरळाच, आणि तो सहसा मालक असतो. कॅप्टनच्या हातमोज्यांत दहाही बोटं शाबूत होती.

"पाइक," कॅप्टन म्हणाला, "तू रांगेत होतास. ही जागा तुला ओळखू येते?"

पाइकने तंबाखू बाजूला थुंकली आणि चौफेर पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग मान हलवली. "खरं सांगू का? नाही. इथे कुंपण होतं, तिकडे झाडी होती, आता काहीच नाही. उद्या म्हणाल हे दुसरंच गाव आहे, तर तेही मला पटेल."

"झालं," कॅप्टन म्हणाला. "मिस्टर ग्रॉस, हा खड्डा बुजवून घ्या."

पण अ‍ॅब्सलम हलला नाही. पाय रोवून उभा राहिला आणि कॅप्टनकडे नाही, पाइककडे बघून बोलला.

"मिस्टर पाइक, तुम्ही उभे आहात."

"मग? बसू?"

"तेव्हा तुम्ही उभे नव्हता. ते सगळे पालथे होते आणि सगळ्यांना गोळी डोक्यात नाहीतर खांद्यात वरून लागलेली. उभ्या माणसाला अशी लागत नाही. ओळीच्या पुढे, प्रत्येकाच्या तोंडापाशी, दातांनी फाडलेले काडतुसांचे कागद पडले होते. तुम्ही इथे पडून लढलात. पडून बघा."

"काय थट्टा चालवलीय," कॅप्टन म्हणाला. "एल्नाथन, तुझे गुडघे बघ, उठवायला आम्हाला बैल लावावे लागतील."

"माझे गुडघे माझ्याकडेच राहू देत, थर्लो," पाइक म्हणाला. त्याने बिल्ले लावलेला कोट काढून शेजारच्याच्या हातात दिला. मग एक हात जमिनीला टेकवून, कण्हत, शिव्या घालत, तो सत्तरीचा माणूस ओल्या गवतात पालथा झाला. हनुवटी मातीला लावली. गवताच्या वर त्याचं टक्कल तेवढं दिसत होतं.

वर रस्त्यावरून एक घोडागाडी गेली, तिच्यातल्या बायका माना वळवून बघत होत्या. ग्रॉस घड्याळ बघत होता.

"जरा उजवीकडे सरका," अ‍ॅब्सलम म्हणाला.

पाइक कोपरांवर सरकला. एक हात, अजून एक हात. आणि थांबला. त्याची पाठ वरखाली होताना सगळ्यांना दिसत होती.

"खडक," तो म्हणाला. आवाज गवतातून येत होता. "खडकाच्या डाव्या कडेला दोन टेकड्या एकमेकींत घुसतात आणि मध्ये आभाळाचा तुकडा राहतो. दोन तास मी तेवढंच बघत होतो. बाकी काही पाहिलंच नाही. उभा राहिलो असतो तर मेलो असतो." मग तो गवतात तोंड घालून रडायला लागला, मोठ्याने, अगदी लाज सोडून. दुसरे दोघे म्हातारेही एकेक करून त्याच्या शेजारी पालथे झाले. सांगावं लागलं नाही.

पलटणीतला एकटा कॅप्टन व्हिटकम उभा राहिला होता. त्याने हातमोजे काढले, पुन्हा घालायला लागला, मग ते खिशात कोंबले. "मी रस्त्यावर होतो," तो म्हणाला. कुणाला उद्देशून म्हणाला कळलं नाही. "मला काडतुसं आणायला पाठवलं होतं. परत आलो तेव्हा खाली कुणी उरलं नव्हतं."

"ठाऊक आहे, थर्लो," पाइक पडल्या पडल्याच म्हणाला. "पंचवीस वर्षं ठाऊक आहे. कर्नलने पाठवलं म्हणून तू गेलास. त्यात तुझा काय गुन्हा? पण म्हणून आम्हाला सगळ्यांना रस्त्यावर कशाला नेतोस?"

कॅप्टनचा चेहरा पाहवत नव्हता. मी काही त्या माणसाचा भक्त नाही, पण त्या घटकेला मला त्याची दया आली हे कबूल करतो. तो स्वतः उताराने वर गेला, रस्त्याच्या वळणावरची खुंटी दोन्ही हातांनी उपटली, खाली घेऊन आला आणि अ‍ॅब्सलमच्या हातात दिली. "तू ठोक," म्हणाला.

पाइकला मात्र उठायचंच नव्हतं. तो पडूनच डावीकडे आणि उजवीकडे हात दाखवत होता. "इथे माझ्या डाव्या हाताला हार्ली स्ट्राउड होता. त्यालाच अंगठा नव्हता. त्याच्यापलीकडे बेन ट्विचेल. उजवीकडे तो नवा पोरगा, ओझायस, ओझायस..."

"ओझायस क्रेन," शेजारचा म्हणाला.

"क्रेन. बरोबर."

अ‍ॅब्सलम खुंटी हातात घेऊन पुढे आला. "डावीकडे बिनअंगठ्याचा?"

"हो."

"मग तो बारावा," अ‍ॅब्सलम म्हणाला. "आणि तुमच्या उजवीकडचा तेरावा. त्या दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. मी तेव्हाच म्हटलं होतं, इथला कुणीतरी उठून गेलाय."

पाइकने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "कसला बारावा?"

अ‍ॅब्सलमने सांगितलं नाही, दाखवलं. दुपारच्या आधीच तो त्या चौघांना सरकारी दफनभूमीत घेऊन गेला. तिथे अनोळखी सैनिकांच्या भागात नावं नाहीत, गवतात रुतलेले छोटे चौकोनी संगमरवरी ठोकळे आहेत आणि त्यांच्यावर नुसते आकडे. तो एका ओळीच्या टोकाशी थांबला. मग सावकाश चालत, प्रत्येक ठोकळ्याला पायाने न शिवता, बोट दाखवत मोजत गेला. बाराव्यापाशी थांबला.

"हा हार्ली स्ट्राउड," तो म्हणाला. "त्याच्या अलीकडचा, म्हणजे अकरावा, तुमचा बेन ट्विचेल असणार. त्याची दोन बोटं नव्हती, डाव्या हाताची."

"डाव्याच हाताची," पाइक हळूच म्हणाला. "माझ्यासमोर गेली ती."

"गाडीत मी त्यांना जसे सापडले तसे भरले आणि इथे तसेच उतरवले. डावीकडून उजवीकडे. मध्ये दुसरा कुणी घालू दिला नाही. मुकादम ओरडला, तर मी ऐकू न आल्यासारखं केलं."

पाइक कण्हत गुडघ्यांवर बसला आणि ठोकळ्यावरचं गवत आपल्या तीन बोटांनी बाजूला सारू लागला. "आणि हे तू कुठे लिहून ठेवलं नाहीस? कुणाला दाखवता आलं असतं. हार्लीची आई माझ्या शेजारच्या घरात राहायची. गेल्या वर्षी वारली. शेवटपर्यंत विचारत होती."

अ‍ॅब्सलमने ठोकळ्यावरच्या आकड्याकडे पाहिलं.

"मला तेव्हा लिहिता येत नव्हतं, मिस्टर पाइक," तो म्हणाला. "म्हणून तर ओळ मोडू दिली नाही."